सहायकाला वस्त्रे कधी द्यायची?

(भोपाळ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोपाळात खेळावर बोलायचं म्हणजे हॉकीवर बोलायचं, असा इथला अलिखित नियम आहे. मोडण्याआधी तो एकदा पाळून घेतो. १९७५ च्या विश्वचषकाचा क्वालालंपूरमधला उपांत्य सामना. मलेशियाविरुद्ध आपण १-२ मागे, वेळ संपत आलेली, आणि बाकावर बसलेल्या आपल्या अस्लम शेर खानला आत पाठवलं जातं. पेनल्टी कॉर्नर मिळतो. अस्लम गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतो आणि बरोबरीचा गोल करतो. जादा वेळेत हरचरण सिंगनं सामना जिंकून दिला, अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ हरवून भारतानं विश्वचषक घेतला. त्या अंतिम सामन्यातला विजयी गोल अशोक कुमार यांचा. ध्यानचंदांचे हे चिरंजीव पुढे इथल्याच राज्य हॉकी अकादमीत प्रशिक्षक म्हणून आले आणि इटारसीजवळचा विवेक सागर प्रसाद त्यांच्या हाताखाली घडला. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला भोपाळकर म्हणायचं की नाही, हा प्रश्नच आहे.

राखीव खेळाडूचं कौतुक करायला आपण कधीच कमी पडत नाही. पण त्याच बाकावर आणखी एक माणूस बसलेला असतो. हातात वही, गळ्यात शिट्टी, नजर मैदानावर आणि कान शेजारी बसलेल्या साहेबांकडे. तो सहायक प्रशिक्षक. आजचं व्याख्यान त्याच्याबद्दल आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी आयुष्य महाविद्यालयातल्या मुलांना फुटबॉल शिकवण्यात घालवलं. म्हणून संयोजकांनी मला प्रश्नही नेमका तसाच दिला आहे. महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा प्रमुख प्रशिक्षक सोडून गेला, तर त्याच्या सहायकालाच बढती द्यावी का?

माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही ते तयारीनं ऐकतील. द्यावी. पण द्यायची तर पूर्ण द्यावी. 'हंगामी' म्हणून द्यायची असेल, तर न दिलेली बरी.

हंगामी म्हणजे काय, हे मध्य प्रदेशात समजावून सांगावं लागत नाही. आपल्या सरकारी महाविद्यालयांतल्या 'अतिथी विद्वानां'नी वर्षानुवर्षे शिकवायचं, परीक्षा घ्यायच्या आणि दर सत्राला आपण आहोत की नाही याची यादी पाहायची. पाहुणा म्हणून आलेला माणूस घराची दुरुस्ती काढत नाही. काढली तर लोकच विचारतात, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

आता गोव्यात चला. या विषयावरची भारतातली सगळ्यात बोलकी कहाणी मला तिथेच सापडते. क्लिफर्ड मिरांडा हा धेंपो क्लबचा आणि भारतीय संघाचा मधल्या फळीतला खेळाडू. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली तयार झालेला. खेळणं थांबवल्यावर तो एफसी गोवा संघात सहायक प्रशिक्षक झाला. प्रमुख होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. संघ देखणा खेळायचा, गोल भरपूर करायचा. २०२० च्या जानेवारीअखेर, संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात सर्वांच्या वर असताना, क्लबनं लोबेरा यांना काढलं. साखळीतले तीन सामने उरले होते. खुर्ची मिरांडाकडे आली, अर्थात हंगामी. डेरिक परेरा तांत्रिक संचालक म्हणून सोबतीला होते.

त्या तीन सामन्यांत गोव्यानं हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२ आणि जमशेदपूरवर ५-० असे विजय मिळवले. साखळीतलं पहिलं स्थान पक्कं झालं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जागा मिळवणारा हा पहिला भारतीय क्लब. उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून पहिला सामना १-४ असा गेला. दुसरा गोव्यानं ४-२ असा काढला, तरी एकूण गोलांत एकानं मागे पडले. यानंतर क्लबनं काय करावं? नवा स्पॅनिश प्रशिक्षक आणला, हुआन फेरांडो. मिरांडा पुन्हा शेजारच्या खुर्चीत.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, तीन सामन्यांवरून काय ठरवायचं, संघ तर लोबेरा यांनीच बांधला होता. हा मुद्दा मी मान्य करतो. तयार पिकाची कापणी करणाऱ्याला शेतकरी म्हणता येत नाही. पण पुढे ऐका.

मिरांडा ओडिशा एफसीत गेला, तिथेही सहायक म्हणून. २०२३ च्या मार्चमध्ये ओडिशानं जोसेप गोंबाऊ यांच्याशी फारकत घेतली आणि हंगामी जबाबदारी पुन्हा मिरांडाकडे आली. २५ एप्रिलला कोळिकोडला सुपर कपचा अंतिम सामना झाला. समोर बेंगळुरू एफसी. डिएगो मॉरिसिओचे दोन गोल, निकाल २-१, आणि ओडिशाच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. पाठोपाठ गोकुलम केरळला ३-१ हरवून ओडिशानं एएफसी कपची पात्रताही मिळवली. आता तरी कायम नेमणूक? मे महिन्यात ओडिशानं नव्या प्रमुख प्रशिक्षकाचं नाव जाहीर केलं. सर्जिओ लोबेरा.

होय, तेच. तीन वर्षांपूर्वी गोव्यात ज्यांच्या रिकाम्या खुर्चीत मिरांडाला बसवलं होतं, तेच लोबेरा ओडिशात त्याच्या खुर्चीत आले. नाटककारानं हा योगायोग लिहिला असता, तर परीक्षकांनी तो ओढूनताणून आणलेला म्हणून खोडला असता. लोबेरा चांगले प्रशिक्षक आहेत, त्याबद्दल वाद नाही. मुंबई सिटीला त्यांनी एकाच मोसमात साखळीचं पहिलं स्थान आणि चषक दोन्ही मिळवून दिलं होतं. मला टोचतं ते निराळं. मिरांडानं काय केलं असतं तर क्लबनं त्याला ठेवलं असतं, याचं उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हतंच. परीक्षेला बसवायचं, पेपर तपासायचा, गुणही भरपूर द्यायचे आणि शेवटी सांगायचं की ही परीक्षा नव्हतीच. आपल्याकडे म्हणतात ते खरंच आहे, पिकतं तिथं विकत नाही. चेन्नईयिनसारख्या क्लबचं प्रमुखपद त्याच्याकडे यायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला.

दुसरं नाव खालिद जमीलचं. हा मुंबईचा म्हणायला हरकत नाही. जन्म कुवेतमधला, पण महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीचा संघ अनेक वर्षं सांभाळला आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून देऊन साऱ्या देशाला चकित केलं. एवढं करून हा माणूस नंतर नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून काम करत होता, हे लक्षात घ्या. २०२१ च्या जानेवारीत तिथल्या जेरार्ड नुस यांना काढलं आणि खालिदला हंगामी केलं. साखळीतल्या उरलेल्या सामन्यांत संघ एकदाही हरला नाही, तिसरा येऊन उपांत्य फेरीत पोहोचला. ऑक्टोबरमध्ये क्लबनं त्याला कायम केलं. इंडियन सुपर लीगमधला तो पहिला कायमचा भारतीय प्रमुख प्रशिक्षक.

इथं टाळ्या वाजवून पुढे गेलो, तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. कायम झाल्यावरच्या पहिल्याच मोसमात नॉर्थईस्ट अकरा संघांत दहावा आला. म्हणजे सहायकाला बढती दिली की संघ जिंकतोच, असा काही नियम नाही, आणि माझा तसा दावाही नाही. हंगामी काळातला जोर पुष्कळदा टिकत नाही. त्याचं कारण मला साधं वाटतं. हंगामी माणूस दुसऱ्यानं निवडलेल्या संघावरचा ताण हलका करतो. खेळाडू मोकळे होतात, पाय चालायला लागतात. पण कायम झाल्यावर खेळाडू निवडायचे, जुन्यांना निरोप द्यायचा, पूर्वमोसमाची तयारी आखायची, ही कामं त्याच्याकडे येतात आणि ती बाकावरच्या कामापेक्षा वेगळी असतात. खालिद ती कामं शिकला. जमशेदपूरला त्यानं उपांत्य फेरी दाखवली, २०२५ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो भारतीय संघाचा प्रमुख प्रशिक्षक झाला. त्याआधी या खुर्चीत बसलेला शेवटचा भारतीय होता गोव्याचा साव्हियो मेदेरा, २०११-१२ मध्ये. तोही सहायकाचा प्रमुख झालेला. त्यानं दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० हरवून सॅफ चषक जिंकला आणि तीन-चार महिन्यांतच काठमांडूला चॅलेंज कपचे तिन्ही सामने हरला. मग तेरा वर्षं आपण परदेशी माणसांकडे पाहत बसलो.

मित्रहो, सहायकाच्या विरोधात नेहमी मांडला जाणारा मुद्दा असा की तो खेळाडूंच्या फार जवळचा असतो. हे खरं आहे आणि ते क्षुल्लक नाही. ज्या मुलाला घरून पैसे येत नाहीत, ज्याचा गुडघा दुखतो पण संघातून काढतील म्हणून तो लपवतो, ज्याची परीक्षा बुडाली आहे, तो प्रमुखाकडे जात नाही. तो सहायकाकडे जातो. सहायकाची सगळी ताकद या कानगोष्टींत असते. आणि बढती मिळाली त्या संध्याकाळी ती ताकद संपते. कारण ज्याला गुडघ्याचं सांगितलं, तोच आता यादीतून नाव कापणार असतो. चांगला सहायक प्रमुख म्हणून पडतो तो बहुतेक इथे, डावपेचांत नव्हे. यावर उपाय एकच दिसतो. त्यानं पहिल्या आठवड्यातच स्वतःसाठी नवा सहायक नेमावा. ज्या संस्था बढती देतात पण त्याची जुनी जागा रिकामी ठेवून पगार वाचवतात, त्या एका माणसाला दोन खुर्च्यांत बसवतात.

दुसरी अडचण जुन्या साहेबांची. लिव्हरपूलचं उदाहरण फुटबॉलच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. बिल शँकली १९७४ च्या जुलैत अचानक निवृत्त झाले आणि क्लबनं बॉब पेज्ली यांना वर घेतलं. पेज्ली १९३९ पासून क्लबात. खेळाडू, मग मालिश करणारे, राखीव संघाचे प्रशिक्षक, मग सहायक. त्यांना हे पद नकोच होतं. नऊ मोसमांत त्यांनी सहा वेळा इंग्लंडची लीग आणि तीन वेळा युरोपियन कप जिंकला. ही आकडेवारी सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की निवृत्तीनंतरही शँकली सरावाच्या मैदानावर येत राहिले आणि खेळाडू त्यांनाच 'बॉस' म्हणत राहिले. शेवटी त्यांना येऊ नका असं सांगावं लागलं. शँकलींना ते फार लागलं, आणि आजही लिव्हरपूलचे जुने लोक त्यावर हळहळतात. मला मात्र वाटतं की पेज्लींची खरी नेमणूक त्या दिवशी झाली.

उलटं पाहायचं तर तिथून जवळच मँचेस्टरमध्ये पाहा. १९६९ मध्ये सर मॅट बझ्बी बाजूला झाले. युनायटेडनं विल्फ मॅगिनेस या एकतीस वर्षांच्या घरच्याच प्रशिक्षकाला पुढे केलं. पण सुरुवातीला पद दिलं 'मुख्य प्रशिक्षका'चं, व्यवस्थापकाचं नाही. बझ्बी जनरल मॅनेजर म्हणून वरच्याच मजल्यावर. खेळाडूंना रुसायला जिना उपलब्ध होता. १९७० च्या डिसेंबरात मॅगिनेस गेले आणि बझ्बी खाली उतरून पुन्हा संघ पाहू लागले. पेज्ली थोर आणि मॅगिनेस सामान्य, असं म्हणून हा विषय संपवता येईल. मी तसा संपवणार नाही. एकाला पूर्ण वस्त्रे मिळाली, दुसऱ्याला अर्धी.

वस्त्रे म्हटल्यावर मराठी माणसाला कोण आठवणार, ते आपण ओळखलं असेल. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ गेले. शाहू महाराजांसमोर वयानं आणि अनुभवानं मोठे सरदार होते, आणि या पोराला पद देऊ नका म्हणणारेही दरबारात होते. महाराजांनी विशीही न गाठलेल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली. वडिलांच्या बरोबर तो आदल्याच वर्षी दिल्ली पाहून आला होता, कारभार आणि मोहीम दोन्ही जवळून बघितलेला. त्याला सहा महिने काम बघ, मग पाहू, असं सांगितलं नाही. सतरा वर्षांनी, डिसेंबर १७३७ मध्ये, त्यानं निजामाला कोंडलं ते आपल्या याच भोपाळात, आणि जानेवारीत इथून जवळच दोराह्याला तह झाला. इतिहासातले दाखले क्रीडेवर चिकटवण्याचा मला शौक नाही. पण भोपाळात बोलतो आहे, तेव्हा एवढं माफ असावं.

आता महाविद्यालयाकडे. महाविद्यालयीन फुटबॉल हा जिथे अब्जावधींचा कारभार आहे त्या अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा वेगळाच खेळ. पण प्रशिक्षकाचा पेच तोच. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर नोत्र दाम विद्यापीठाचे ब्रायन केली एकाएकी दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले. विद्यापीठानं चारच दिवसांत बचावफळी सांभाळणाऱ्या मार्कस फ्रीमन या पस्तिशीतल्या सहायकाला प्रमुख केलं. हंगामी नव्हे. फ्रीमन पहिले तिन्ही सामने हरले. तिसरा तर स्वतःच्या मैदानावर मार्शलसारख्या लहान विद्यापीठाशी. आपल्याकडे तेवढ्यात प्राचार्यांच्या दारात शिष्टमंडळ उभं राहिलं असतं. तिथे त्यांना ठेवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दाम राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात उतरलं. ओहायो स्टेटनं त्यांना ३४-२३ हरवलं. आणि ओहायो स्टेटचे प्रमुख रायन डे? तेही त्याच विद्यापीठात सहायकाचे प्रमुख झालेले. तिथे कोट्यवधींचा पगार देऊन जगातला कोणीही आणता येतो. तरी अंतिम सामन्यात दोन्ही बाकांवर घरात वाढलेली माणसं होती.

हॉकीच्या गावात आहे, तेव्हा यानेके शॉपमन यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या महिला संघाला चौथं स्थान मिळालं तेव्हा श्योर्ड मरीन्ये प्रमुख होते आणि शॉपमन त्यांच्या सहकारी. मरीन्ये गेले, शॉपमन प्रमुख झाल्या. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आलं. रांचीत पॅरिसची पात्रता हुकली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याला इथे मान मिळत नाही असं उघड बोलून त्यांनी पद सोडलं. पद मिळणं आणि मान मिळणं यांत अंतर असतं, एवढंच नोंदवतो.

क्रिकेटचंही एक वाक्य. ज्या चंद्रकांत पंडितांनी २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला, आणि तोही त्यांच्याच मुंबईला हरवून, त्यांच्या हाताखाली कोलकाता नाइट रायडर्समध्ये अभिषेक नायर सहायक होता. २०२५ मध्ये पंडित तिथून बाहेर पडले आणि ऑक्टोबरात प्रमुखपद नायरकडे आलं. पंडित कडक शिस्तीचे, तर नायर खेळाडूंशी तासन् तास बोलून त्यांना उभं करणारा. एकाच घरातून आला म्हणून सहायक जुन्याची नक्कल करेल, ही भीती किती फोल असते ते यावरून दिसावं.

आपल्या महाविद्यालयांत मात्र पेच वेगळ्या जागी आहे. इथे पुष्कळदा प्रमुख प्रशिक्षक म्हणजे क्रीडा अधिकारी. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेला, क्रिकेटपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्याच्याच गळ्यात. पावत्या, प्रवासाची बिलं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे अर्ज यांतून वेळ उरला तर मैदान. फुटबॉलचा सराव प्रत्यक्षात कोण घेतो? संघाचा एखादा जुना खेळाडू. नोकरी दुसरीकडे करणारा, पहाटे साडेपाचला जाळी बांधणारा, स्वतःच्या पैशानं चेंडू आणणारा. कागदावर तो कोणीच नाही. त्याला सहायक म्हणणारं पत्रसुद्धा कोणी दिलेलं नसतं, मग प्रमुख म्हणणारं कुठून येणार? क्रीडा अधिकाऱ्याची बदली झाली की नवे साहेब येतात आणि या माणसाला पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

या माणसाकडे शास्त्रशुद्ध ज्ञान नसतं, अशी तक्रार होते. काही वेळा ती खरी असते. पण शिकण्याची शिडी आता आहे. फुटबॉल महासंघाच्या परवान्यांच्या ड, क, ब, अ आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. शारीरिक शिक्षणासाठी १९५७ पासून ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई संस्था आहे. क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र याच शहरात आहे. एखाद्या महाविद्यालयानं त्या पहाटेच्या माणसाला पहिल्या परवान्याच्या अभ्यासक्रमाला पाठवलं, तर येणारा खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा जास्त नसेल. शिकून आला की त्याला सहायकाचं पत्र द्यावं, आणि खुर्ची रिकामी व्हायच्या आधीच ठरवून ठेवावं की पुढचा तोच, किंवा तो नाही. नाही म्हणायचं असेल तर तेही आधी सांगावं. माणूस नकार पचवतो. टांगून ठेवलेला माणूस मुलांना नीट शिकवू शकत नाही.

इथे समोर काही प्राचार्य आहेत, काही संस्थांचे विश्वस्त आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. जुलैत सत्र सुरू होण्यापूर्वी तुमच्या फुटबॉल संघाचा सराव प्रत्यक्षात कोण घेतो याची चौकशी करा. त्याला बोलावून घ्या आणि नेमणुकीचं पत्र द्या. त्यात पद लिहा, मानधन लिहा, किमान दोन मोसमांची मुदत लिहा, आणि संघनिवडीत अंतिम शब्द त्याचा राहील हे वाक्य लिहा. पहिले तीन सामने हरला तर ते पत्र परत मागू नका.